शनीच्या डोळ्याला डोळा

लिंबागणेशची बायनाबाई लई तापट. तोंड उघडलं की समोरच्याची पळता भुई थोडी! पण गावात बायकांची दूध सोसायटी उभी राहिली, ती तिच्याच हट्टामुळे, अन् चेअरमनही तीच. पुढं सलग दोन वर्षं पावसानं दगा दिला. म्हशी आटल्या, काही मेल्या, अन् गावानं कारण हुडकून काढलं: चेअरमनीणबाईला साडेसाती लागलीय! तिची जिवाभावाची मैत्रीण वच्छलाबाई तर तोंडावरच म्हणाली, "बायने, तू खुर्ची सोड. न्हाईतर आमी दूध घालणं बंद करतो." तालुक्याच्या दूध संघानं ठरवलेल्या सहलीहून परतलं की फैसला व्हायचा होता.

सहल हैदराबादची, तिथली डेअरी बघायला. दिवेलागणीला बायकांना निजामाच्या वेळच्या वेधशाळेत नेलं. सगळ्या त्या अगडबंब दुर्बिणीभोवती गोळा झाल्या. ती दाखवणारे रहीमभाई हौसेनं म्हणाले, "आओ अम्मा, शनी देखो!"

झालं! बायका दाराकडं पळाल्या. राक्षसभुवनला शनीच्या देवळातसुद्धा त्याच्या नजरेला नजर देत नाहीत त्या, अन् इथं म्हणे डोळा लावा! वच्छलाबाईनं मात्र पिशवीतली डोक्याला लावायच्या तेलाची बाटली काढली अन् निघाली थेट दुर्बिणीवर ओतायला.

"नक्को अम्मा, नक्को! काच खराब हो जाएगी!" रहीमभाई आडवेच झाले.

खोटं कशाला बोला, साडेसाती बायनाबाईलाही खरीच वाटायची. पण आज ती मागं सरली असती, तर सोसायटी बुडालीच म्हणून समजा. तिनं चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला. "माझ्यावरच राग हाय ना तुझा? मंग बघ मला," म्हणत तिनं डोळा लावला.

मग पदर सारून आणखी जवळ वाकली.

"अगं बाई गं! लई देखणा हाय! भवती कडं हाय गं त्याच्या!" तिच्या डोळ्यांना धार लागली. "इतक्या लांबून ह्यो आपल्या म्हशींवर कशाला उठंल? चारा आपल्यालाच आणावा लागंल, वच्छले."

काय बाई ही! वच्छलाबाई बिचकत पुढं आली. तिनंही पाहिलं, अन् तेलाची बाटली परत पिशवीत टाकली.

"घरी गेल्यावर दूध सोसायटीलाच घालते," ती म्हणाली. "पण खुर्चीवर तूच बस, बायने. त्याला असं तोंडावर बोलायची छाती आमच्यात कुणाची हाय?"