सलीमवरचं गाणं

मंडळी, आज बजाजनगरात एका वरातीत डीजेनं माझं जुनं गाणं लावलं. आमच्या पडेगावच्या बॉक्सर सलीमवर लिहिलेलं. गाण्यात त्याचं नाव नाय, नुसतं 'पडेगावचा पठ्ठ्या'. तो रिंगमध्ये उतरला की हेच वाजायचं.

सलीम माझ्याशेजारीच उभा होता. डोक्यावर एवढे ठोसे खाल्लेत, की आता त्याला घरचा रस्तापण आठवत नाय. डॉक्टरांनी हात टेकलेत. तरी ठेका ऐकून त्याच्या मुठी आपोआप वळल्या.

"लई भारी गाना है भाई. किसपे बनाया?"

"होता एक आपल्याकडचा."

"फिर? जीता क्या वो?"

गाण्यात तो दरवेळी जिंकतो. मी 'व्हय' म्हणालो.

तुम्ही काय सांगितलं असतं?