पश्चिम बुरुजातले मिस्टर स्केल्टन

डॉर्कस स्केल्टन यॉर्कशायरच्या ग्रिम्सवेल हवेलीची कारभारीण. एकोणीस वर्षं झाली, त्यातली निम्मी जिन्यावर गेली. पाहुण्या पोरींना भूत हवं असायचं.

"अय्या, इथं रात्री कुणी रडतं ना हो?"

"रडतं ना. धुराडं. झाडायला झालंय."

पोरींची तोंडं एवढीशी व्हायची आणि डॉर्कसबाई पुढचा जिना चढायच्या.

रोज तीन वाजता मात्र चहाचं तबक आणि गरम पाण्याची किटली घेऊन त्या पश्चिम बुरुजात शिरायच्या, आतून कडी. मालकिणीच्या नोकरांना बोलावायच्या घंटेची तार तेवढ्याच खोलीत पोचली नव्हती. पाय पाण्यात सोडून त्या मनसोक्त कण्हायच्या.

१८११च्या एप्रिलात छपराच्या कामावर व्हिट्बीहून एम्ब्रोज हेबल आला. विधुर, गलबतं बांधणारा सुतार, मोठ्या घरात काम पहिल्यांदाच. न सांगता कोळशाची बादली वर नेऊन ठेवायचा. बाई त्याच्यासाठी सफरचंदाच्या पाईचा खरपूस कोपरा राखायच्या. आज लग्नाचं विचारेल, उद्या विचारेल, असं करता करता सप्टेंबर उजाडला. हा आपला मान खाली घालून, "येतो, मिसेस स्केल्टन." छप्पर संपलं. उद्या सकाळी टपालगाडीनं तो जाणार होता.

त्या दुपारी बाई तबक घेऊन वर पोचल्या, तर बुरुजाच्या दाराशी हेबल. हातात हातोडा, चेहरा पांढराफटक.

"बाई, एकदा तरी त्यांना उजेडात आणा हो."

"कुणाला?"

"मिस्टर स्केल्टनना! रोज तबक नेता तुम्ही. छपरावरून कण्हणं ऐकलंय मी. माणूस कसाही असो, असा कोंडू नये. मला तुमच्याबद्दल जे वाटतं ते मी गिळीन. पण दार उघडा."

बाईंना हसायचंही त्राण नव्हतं. तबक त्यांनी पायरीवर टेकवलं.

"अहो, किल्ल्यांचा जुडगा दिला की कारभारणीला 'मिसेस' म्हणतात. मोठ्या घरांची रीतच ती. आपली स्वयंपाकीणसुद्धा मिसेस, आणि तिलाही नवरा नाही."

"मग कण्हतं कोण?"

"मी. पाय दुखतात माझे."

हेबलनं हातोडा कुठं ठेवावा हेच कळेना म्हणून तो तसाच धरला. "म्हणजे पाच महिने मी..."

"वाया घालवलेत."

"मग आता विचारू?"

"विचारा. पण बसून. मला उभं राहवत नाही."

दोघं पायरीवर टेकली. त्यानं विचारलं. बाईंनी आधी बूट काढले, मग हो म्हटलं. चहा निवून गेला, तरी कुणी उठलं नाही.