माझ्या हातचा पहिला गणपती

तुमच्या देव्हाऱ्यात कोण बसलं आहे, हे तुम्ही कधी जवळ जाऊन नीट पाहिलं आहे का?

हसू नका. हा प्रश्न मी नास्तिकाच्या घमेंडीत विचारत नाही. आमच्या देव्हाऱ्यात कोण बसलं आहे, ते मला पक्कं ठाऊक आहे — आणि ते आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही. ना घरी, ना मित्रांना, ना त्या पत्रकांत, ज्यांतून मी सोलापूरच्या गिरणीवाल्यांना दर आठवड्याला खरं बोलायला बजावत असतो.

पत्रकांचं आधी सांगतो — तेवढीच खरी गोष्ट लांबणीवर पडेल. मिसरूड फुटायच्या आधीपासून मी पत्रकं वाचत आलो. हातोहात फिरून चुरगळलेली, कधी कुणाच्या टोपीत लपवून आलेली. जग दोनच जातींचं आहे, खरं बोलणाऱ्यांचं आणि ढोंग्यांचं, हे मी त्यांतूनच शिकलो. माझ्या स्वतःच्या पत्रकांत 'ढोंग' हा शब्द किती वेळा येतो ते छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला विचारा. तो एकदा मला म्हणाला, "अवो, 'ढ'चे खिळे संपले की! आता दुसरी शिवी काढा."

आणि हा असला मी — पण थांबा. आधी चित्राचं सांगायला हवं.

मी सहा वर्षांचा होतो. आबा गिरणीत मागावर होते. त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, लहान वयात विधवा होऊन आमच्याकडे आली होती. तीही त्याच गिरणीत, सूत रिळांवर गुंडाळायच्या खात्यात जायची. कापडाच्या गठ्ठ्यांवर चिकटवायचे रंगीत छाप असतात ना — त्यांतले फाटके, टाकाऊ असतील ते आबा घरी आणत. पाठीमागची बाजू कोरी असायची. एका रविवारी अशाच एका छापाच्या पाठीवर मी चुलीतल्या कोळशानं एक चित्र काढलं. आत्यानं ते उचललं, डोळ्यांजवळ नेलं, आणि किंचाळलीच.

"वैनी, पळत या! पोरानं गनपती काढलाय! आन् उजव्या सोंडेचा!"

आई पिठाच्या हातांनी धावत आली. तिनं चार हात मोजले. पोट पाहिलं. सुपासारखे कान पाहिले. एकच दात, हातात मोदक, पायाशी उंदीर — काही म्हणता काही सुटलं नव्हतं. "ह्येला शिकिवलं कुनी?" आईनं विचारलं. आत्या म्हणाली, "शिकिवतंय कोन? त्यो सोता येऊन बसलाय ह्येच्या हातात."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं! पण त्यात आत्यानं गूळ-खोबरं कोंबलं.

उजव्या सोंडेचा देव कडक, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याच्या सोवळ्यात चूक चालत नाही, त्याला बोललेलं मोडता येत नाही. चित्राला काच आली, चौकट आली. आत्या पहाटेच्या भोंग्याआधी अंघोळ करून ओलेत्यानं त्याला फूल वाहायची, आणि मगच कामावर जायची. अन् माझं काय झालं? मी घरातला चित्रकार झालो. आबा छापांचे गठ्ठेच्या गठ्ठे आणू लागले. आईनं दिव्याची काजळी डिंकात घोटून काळा रंग केला. शेजारी नरसम्माच्या घरी हातमाग होता. ती सूत रंगवून उरलेला लाल रंग करवंटीत घालून द्यायची आणि तिच्या तेलुगूमिश्रित मराठीत म्हणायची, "मंचि रंग हाय बाबू, चांगला रंग, द्येवाला लाव." माझे हात जपायचे म्हणून पाण्याच्या घागरी मला कुणी उचलू दिल्या नाहीत. त्या आत्यानं उचलल्या, दिवसभर गिरणीत उभी राहून आल्यावर.

मला चित्र काढता येत होतं का? शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी एकदा विचारलं, "हा हत्ती आजारी आहे का रे?" मी म्हणालो, घोडा आहे. घरी कळल्यावर आबा म्हणाले, "मास्तर जळतोय पोरावर." दर चतुर्थीला मी नवा गणपती काढायचो — जीव तोडून, सोंड, सुपडे कान, सगळं घालून. आत्या निरखून पाहायची आणि हळूच म्हणायची, "ब्येस हाय. पर पैल्याची सर न्हाय."

कशी असेल? पहिला गणपती नव्हताच.

तो दौलत मुकादम होता. आत्याच्या खात्याचा मुकादम. रविवारी चाळीच्या अंगणात बाज टाकून तो गुडगुडी ओढत बसायचा, आणि मी समोर बसून त्याचंच चित्र काढलं होतं. गुडगुडीची नळी उजवीकडे वळली होती, ती सोंड. फेट्याचे दोन्ही बाजूंना लोंबणारे पदर, ते कान. पुढे आलेला एक दात त्याचा स्वतःचा. हातात पानाचा विडा. पायाशी काढून ठेवलेला जोडा, तो उंदीर. आणि चार हात? दोन चुकले म्हणून मी आणखी दोन काढले होते — कोळसा पुसायला गेलं की नुसता पसरतो. पोट मात्र मी जसं होतं तसंच काढलं होतं.

तो एकदा आमच्याकडे आरतीलाही आला. मी आठ वर्षांचा असेन. चित्रासमोर हात जोडून उभा राहिला, मान वाकडी केली, आणि म्हणाला, "च्यायला, चेहरा लई पाहन्यातला वाटतोय की!"

आत्या म्हणाली, "द्येवच त्यो, मुकादम. पाहन्यातला असनारच!"

सगळे हसले. मला खोबऱ्याचा ठसका लागला. त्यानंच माझी पाठ थोपटली.

इथवर मीही हसत आलो — एकटाच, पण हसत. सांगितलं असतं तर चार रट्टे बसले असते, एवढंच. मग मी मोठा झालो, पत्रकं लिहू लागलो. दगडापुढे वाकू नका, माणसं ओळखा, असं बजावू लागलो. आत्यानं ते पत्रक माझ्याकडून वाचून घेतलं, "खरं हाय," म्हणाली, आणि नेऊन त्या चित्रापुढे ठेवलं. तेव्हा तरी मी बोललो का?

गेल्या वर्षी सणाला दौलत मुकादमानं खात्यातल्या बायकांना आपल्या घरी दळायला बोलावलं. बोलावलं म्हणजे हुकूमच. सगळ्या गेल्या. आत्या नाही गेली. "दळायला मी काय तुजी बायको हाय?" हे ती त्याला भर खात्यात म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्यानं तिला दारातूनच परत पाठवलं. इतक्या वर्षांचं काम एका वाक्यात गेलं.

आत्या घरी आली. रडली नाही. अंघोळ केली, ओलेत्यानं देव्हाऱ्यासमोर बसली आणि त्या चित्राला म्हणाली, "दौलत्या खाली येईस्तवर मी मीठ खानार न्हाय. तूच बघ आता त्येच्याकडं."

मी दारात उभा होतो. सगळं ऐकलं.

पाच चतुर्थ्या झाल्या आणि दौलत मुकादमाला बढती मिळाली. एका खात्याच्या जागी दोन खाती. आत्या म्हणाली, "द्येव परीक्षा बगतोय." परीक्षा कसली — नैवेद्य थेट पोचत होता! हा विनोद मला तिथल्या तिथे सुचला, आणि मी तो गिळला. आता तुम्हाला सांगताना त्यात काही विनोद उरलेला दिसत नाही.

कारण आत्या सुकली आहे. गेल्या सोमवारी नळावर ती घागरीसकट खाली बसली, दोघींनी धरून घरात आणली. येत्या चतुर्थीपासून ती अन्नही सोडणार आहे. नरसम्मानं हातापाया पडून सांगितलं, सोड हा नवस. आत्या म्हणाली, "उजव्या सोंडेचा हाय बाई त्यो. म्या मोडला, आन् पोराच्या हाताला काय झालं मंजी?"

माझ्या हाताला. ऐकलंत ना? तो हात धडधाकट आहे. याच हातानं हे लिहितो आहे.

त्या दिवशी मी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हणालो, "आत्या, ते चित्र..." ती म्हणाली, "व्हय रं सदा, त्येच्यामुळंच तर तू एवढं लिवतोस." आणि तिनं माझ्या तळहातावर प्रसाद ठेवला. मी तो खाल्ला. गिरणीच्या दारात पोलिसांसमोर गळा फुटेस्तोवर ओरडणारा मी, माझ्या खांद्याएवढ्या बाईपुढे गूळ चघळत बसलो. याला भित्रेपणा म्हणतात. मी दुसऱ्यांच्या बाबतीत नेहमी तोच शब्द वापरतो.

आत्याला वाचता येत नाही. माझं छापलेलं सगळं मीच तिला वाचून दाखवतो. हे वाचायला बसलो तर मी कुठल्या ओळी गाळीन, ते आता तुम्हाला सांगायला नको. तेव्हा तुमच्यापैकी जो कोणी गिरणीमागच्या चाळींच्या बाजूला राहत असेल, त्यानं चतुर्थीच्या आत आमच्याकडे जावं. देव्हाऱ्यासमोर सुकलेली एक ठेंगणी बाई बसलेली दिसेल. तिला हे पहिल्या ओळीपासून वाचून दाखवा. दौलत मुकादमाचं नाव आलं की आवाज खाली आणू नका. ती मला काय काय म्हणेल ते म्हणू द्या, मला येऊन सांगू नका. आणि वाचून संपलं, तरी ती चार घास जेवेपर्यंत तिथून उठू नका.