वजाबाकीची रेघ

"मॅडम, आज अकोल्यात कोणालेच कोलेस्टेरॉल नाही," इंगळेताई फोनवर म्हणाल्या.

इंगळेताई अकोल्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. त्या लॅबचं रिपोर्टचं सॉफ्टवेअर मी अमरावतीत बसून सांभाळते. सकाळपासून सात पेशंट झाले होते आणि सातही जणांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, शून्य.

गडबड कुठे आहे ते लगेच कळलं. आदल्या दिवशी ती मीच केली होती.

या सॉफ्टवेअरमध्ये लॅबवाले फॉर्म्युले स्वतः लिहितात. प्रत्येक आकड्याला एक नाव असतं. आमच्या भाषेत आयडेंटिफायर. नावात फक्त अक्षरं आणि अंक चालत. एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल; ते सोडून उरलेल्याला मात्र लॅबच्या डॉक्टरांना 'नॉन-एचडीएल' असं नाव हवं होतं, मधल्या रेघेसकट.

"डॉक्टर, कॉम्प्युटरला ती रेघ म्हणजे वजाबाकी वाटते."

"पुस्तकात तसंच लिवलं असते. त्याले पुस्तक वाचाले सांगा."

आमचे सर म्हणाले, "एका रेघेसाठी क्लायंटशी वाद कशाला? देऊन टाक."

दिली. आता रेघही नावातलं एक अक्षर धरली जाणार होती. 'नॉन-एचडीएल' टाकून टेस्ट केलं. सुंदर चाललं. जुने फॉर्म्युले मी उघडलेच नाहीत.

एलडीएलचा फॉर्म्युला होता: टोटल-एचडीएल-टीजी/५. टीजी म्हणजे ट्रायग्लिसराइड. कालपर्यंत त्यात दोन वजाबाक्या होत्या. आज 'टोटल-एचडीएल-टीजी' हे एकच लांबलचक नाव झालं. असं नाव कुठेच नव्हतं. आणि नसलेल्या नावाची किंमत शून्य धरायची, हा शहाणपणाही माझाच. शून्य भागिले पाच, शून्य.

बदल काढून टाकला. सहा रिपोर्ट लॅबमध्येच होते. सातवा बाळापूरचे एक रिटायर्ड गुरुजी घरी घेऊन गेले होते. त्यांना हार्टचा त्रास. इंगळेताईंकडून नंबर घेऊन लगेच फोन लावला.

"गुरुजी, रिपोर्ट चुकलाय. गोळ्या बंद करू नका."

"गोळ्या तं कपाटात ठेवून बी देल्या. घरात आलुबोंडे तळणं सुरू हाये."

"नका खाऊ. प्लीज."

"खरं किती हाये मंग?"

"एकशे अठ्ठ्याहत्तर."

"जिंदगीत पयल्यांदा रिपोर्ट चांगला आला, तं तो बी तुमी वापस मांगून राहिले."

आता रेघ असलेलं नाव चौकटी कंसात लिहावं लागतं आणि अनोळखी नाव दिसलं की रिपोर्ट छापलाच जात नाही. डॉक्टरांना कंस आवडले नाहीत. पुस्तकात नाहीत म्हणे.

मी एवढंच शिकले: एखाद्या चिन्हाला नावात जागा देण्याआधी ते आधीपासून कुठे नोकरीला आहे, ते विचारून घ्यावं.