चांदीचे डोळे

आमचा म्हसोबा म्युझियमला देणारा शहाणा मीच. लासूर स्टेशनच्या अलीकडं, आमच्या बांधावर लिंबाखाली बसायचा. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर थापून त्याचा पार गोळा झालेला. आम्ही मेंढरांमागं फिरणारी माणसं. दरसाल त्याच्यापुढं बोकड कापायचो.

एके वर्षी शेंदराची खपली निघाली आणि आत दगडात कोरलेले कुरळे केस दिसले. मी बजाजनगरला राहतो, कंपनीत सुपरवायझर, म्हणजे गावाच्या हिशेबानं विद्वानच. लगेच फोटो काढून शहरातल्या म्युझियमला कळवलं. साहेब आले, म्हणाले, ही बुद्धाची मूर्ती आहे, फार जुनी. घ्या! जो जीव मारू नका म्हणाला, त्याच्याच नावानं आम्ही वाटीवर वाटी रस्सा ओरपत होतो. धन्य आमची भक्ती!

मूर्ती गेली. आई मात्र खचली. लहानपणी माझे डोळे येऊन जायच्या बेतात होते, तेव्हा तिनं पायातले तोडे मोडून देवाला चांदीचे डोळे वाहिले होते. म्युझियमवाल्यांनी ते काढून पाकिटात घालून परत दिले. आता देवाला डोळे नाहीत, पोराकडं बघणार कोण, हा एकच घोर तिला लागला. पोराला टक्कल पडलंय, ते सोडा. ते डोळे देवाला परत बसवायचे, म्हणून फोनवर रोज तोच धोशा. एकदा मध्येच म्हणाली, मलाबी आताशा धुरकट दिसतंय. मी दर वेळी सांगायचो, पुढच्या रविवारी येतो. माझा रविवार म्हणजे लई कामाचा दिवस. त्या दिवशी मी झोपतो.

शेवटी एका रविवारी तिला म्युझियमला नेलं. तिच्या पिशवीत डोळे आणि ते चिकटवायला मेणाचा गोळा. देव घासूनपुसून चबुतऱ्यावर बसवलेला. पाटीवर मी आधी माझं नाव शोधलं, खोटं कशाला बोलू? तिथं नुसतं लिहिलं होतं, ‘स्थानिकांकडून प्राप्त’. सात पिढ्यांची सेवा दोन शब्दांत उरकली होती.

रखवालदार म्हणाला, हात लावू नका. आईनं हात उचललाच नव्हता. ती मूर्तीच्या अगदी जवळ तोंड नेऊन बघत होती. शेंदराखालचे ते दगडी डोळे मुळातच मिटलेले होते.

“ह्यो तर डोळे मिटूनच बसलाय,” ती म्हणाली. “मंग इतकी वर्सं तुझ्याकडं बघितलं कुणी?”

मी पुन्हा पाटी वाचू लागलो.

“घे, तुझ्यापाशीच ठेव,” म्हणत तिनं ते डोळे माझ्या हातावर ठेवले आणि दाराकडं निघाली. पायरीपाशी थांबून ती पायानं पायरी चाचपडू लागली. मला लाज वाटली. धावत जाऊन तिचा दंड धरला.

सोमवारी कंपनीत रजा टाकली आणि तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.