यायाआजीचा भाऊ

तोंड झाकलेल्या माणसाला यायाआजी पाणीसुद्धा विचारत नसे. कर्जतला कॉलेजात जाताना मी स्कूटीवर ओढणीने तोंड बांधून, डोळ्यांपुरती फट ठेवून निघायची. तिच्या अंगणापुढून जाताना हमखास हाक यायची, "कोन हाय गं ती? आदी तोंड सोड, मंग जा." तिने मला स्कूटीच्या आवाजावरून ओळखलेलं असायचं, तरी ओढणी सोडावीच लागे. कुरियरवाल्या पोराला तर एकदा तिने हेल्मेट काढेपर्यंत फाटकाबाहेर उन्हात उभं केलं होतं. गाव हसायचं. म्हातारीचं खूळ, दुसरं काय!

ही म्हातारी मूळची ग्रीस देशातली. कळंबजवळच्या आमच्या गावातले पांडूकाका भिवपुरीच्या पॉवरहाऊसमध्ये फिटरचं काम शिकले, पुढे ग्रीक मालकाच्या बोटीवर लागले आणि परतले ते बायको घेऊनच. तिच्या भाषेत आजीला याया म्हणतात. आम्ही पोरांनी त्यापुढे आणखी एक आजी जोडून तिला दुप्पट म्हातारी करून टाकलं. बोलायची मात्र आमच्याहून अस्सल. निळ्या डोळ्यांची ती गोरीपान बाई "मला नाय ठावं रं" म्हणाली की मुंबईचे पाहुणे आ वासून बघत राहायचे.

पावसाळ्यात ती आदिवासी ठाकरणींबरोबर रानात जाऊन टाकळा, कुर्डू, भारंगी अशा रानभाज्या खुडून आणी. अनोळखी पानही चावून बघे. "भाजी कंची नि गवत कंचं, ते भुकेला इचारावं," असं म्हणे. तिच्या लहानपणी तिच्या देशावर आधी इटलीची फौज चालून आली, मागोमाग जर्मन आले. त्यांनी धान्य नेलं, तेल नेलं, मेंढ्या नेल्या. त्या हिवाळ्यात तिची आई बर्फ उकरून पाला शोधायची. तिचा धाकटा भाऊ त्याच हिवाळ्यात उपासमारीने गेला. म्हणूनच असेल, इथे आल्यावर तिने आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, भाऊ मानलं. दर भाऊबीजेला आबा तिच्या पाटावर बसत, आणि ओवाळताना ती मधेच आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटे. ते नाव त्या गेलेल्या पोराचं असावं, असं मला नेहमी वाटायचं.

झाकलेल्या तोंडाची गोष्ट तिने मला एकदा भाजी निवडता निवडता सांगितली. तिचे वडील डोंगरात लपून लढणाऱ्या माणसांना पीठ पोचवायचे. एका सकाळी जर्मन शिपायांनी गावातल्या सगळ्या बाप्यांना चर्चपुढे रांगेत उभं केलं. डोक्यावर पोतं घातलेला एक माणूस त्या रांगेपुढून बोट दाखवत गेला. ज्याच्याकडे बोट, त्याला गोळी. तिच्या वडिलांकडेही बोट वळलं.

"त्याच्या कोटाला कोपरावर ठिगळ व्हतं. माज्या आईनं लावलेलं. बापाचा जिगरी दोस्त गं तो! मी वरडनार, तवर आईनं माजं तोंड दाबलं."

तो माणूस पुढे म्हातारा होऊन मेला. रोज चौकात बसायचा, हिला खाऊ द्यायचा. सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण बोललं कुणीच नाही. "म्हनून तर इतक्या लांब लगीन करून आले," ती म्हणाली. "जर्मन परके व्हते. त्यांचा राग इसरले मी. त्याचा नाय."

आमच्या गावावर फौज आली नाही, रिसॉर्ट आलं. शेजारची जमीन घेतलेल्यांना गावकीचा झराही कुंपणात हवा होता. झऱ्याखालची पायवाट हीच त्यांच्या जमिनीची हद्द, असं गावातल्या कुणा जाणत्याने दाखवलं की त्यांचं काम होणार होतं. गावाने गावदेवीपुढे नारळावर हात ठेवून शपथ घेतली, की हद्द दाखवायला कुणीही जायचं नाही. पहिला हात आमच्या आबांचा. मोजणीवाले दोनदा आले आणि हात हलवत परत गेले, कारण बायका वाटेवर बसल्या होत्या आणि सगळ्यांच्या पुढे मांडी घालून याया. "बंदूकवाले बगितल्यात मी, हे तर टेपवाले!" म्हणाली. किती हसलो होतो आम्ही त्या दिवशी.

मग थंडीतल्या एका सकाळी रिसॉर्टवाल्यांची जीप आली. मागच्या सीटवर एक माणूस, तोंडाला टॉवेल गुंडाळलेला. जीप झऱ्यापाशी थांबली. खिडकीतून हात बाहेर आला आणि बोटाने खालची पायवाट दाखवली. हातावर तपकिरी स्वेटरची बाही होती. त्या विणीचा स्वेटर अख्ख्या तालुक्यात एकच, यायाने विणून दिलेला, आमच्या आबांचा. तोंड झाकायचं सुचलं त्यांना, बाही झाकायची नाही सुचली. ज्या बोटाला धरून मी चालायला शिकले, तेच ते बोट. मी वाटेवर बसलेल्या यायाकडे पाहिलं. ती ओरडली नाही. उठली, साडी झटकली आणि घरी निघून गेली.

झरा कुंपणात गेला. गावाला पाण्याचा टँकर आला, आणि माझा भाऊ रिसॉर्टवर सुपरवायझर झाला. पुढच्या भाऊबीजेला आबा काही घडलंच नाही अशा थाटात कोरं पातळ घेऊन तिच्याकडे गेले. मी बरोबर होते. तिने पाट मांडला, निरांजन लावलं, ताट हातात घेतलं आणि थांबली.

"भाऊ, तो तू व्हतास?"

"काय बोलतेस ताई! मी?"

"नुसतं व्हय म्हन. मी रागावनार नाय. त्या मानसानं मरस्तवर म्हटलं नाय. तू तरी म्हन."

आबांनी मान खाली घालून पातळ पुढे सरकवलं. ती ताट घेऊन आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही. एका शब्दासाठी ती बाई आयुष्यभर थांबली होती, आणि तो शब्द माझ्या बापाला देता आला नाही. याचा राग मला अजून येतो.

शिमग्याच्या आधी ती गेली. देवळात शोकसभा झाली. आबा बोलायला उठले. ताई गावासाठी वाटेवर कशी बसली, हे सांगताना ते रडू लागले. ते रडणं खोटं नव्हतं, तेच मला जास्त झोंबलं. शेवटी डोळे पुसून ते म्हणाले, "ज्या हरामखोरानं त्या दिशी बोट दाखवलं, त्यानंच आमची ताई मारली. देव बगून घेईल त्याला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. स्वेटर कुणाचा, हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी उठू लागले तशी शेजारून आई पुटपुटली, "बस गं, बस खाली." पण मी उठलेच.

"आबा, ते तुमीच व्हतात."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि असं पाहिलं की जणू दगा मीच दिला होता.