कपाटाची हजेरी

अख्ख्या कोल्हापुरात नवा शर्ट घालून ज्याच्यासमोर जायची धास्ती वाटावी असा एकच माणूस आहे, आणि तो नेमका आमच्या शाळेत भूगोल शिकवतो. मी त्याच शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे सुटका नाही. बाकीचं गाव भेटल्यावर "जेवलासा काय?" विचारतं. सर विचारतात, "हा कितव्यांदा घातलासा?" आपण "पहिल्यांदाच" म्हटलं की त्यांचा चेहरा असा पडतो, जणू आपल्या घरी काहीतरी वाईट घडलंय. एका दिवाळीनंतर मी नवा शर्ट मुद्दाम दोनदा धुऊन घालून गेलो. सरांनी कॉलरची कड दोन बोटांत धरून बघितली आणि म्हणाले, "धुतलाय, पण घातलेला न्हाय." तेव्हापासून मी त्यांच्याशी खोटं बोलायचं सोडलं.

सर सहा फूट उंच, त्या मानानं आडवेही भरदार, आणि एवढ्या देहाच्या कॉलरखाली दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली. व्हरांड्यात बटण तुटलेलं पोर दिसलं की त्याला तिथंच उभं करून बटण लावणार, आणि लावता लावता कापसाच्या पिकाला पाणी किती लागतं ते सांगणार. घंटा झाली तरी पोराला पळता येत नाही, कारण दोरा अजून शर्टाला जोडलेला असतो. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, एकदा मीटिंगमध्ये निकालाची चिंता व्यक्त करत होत्या, तेवढ्या वेळात सरांनी त्यांच्या पर्सचा तुटका बंद शिवून टेबलावर ठेवला. स्वतःचे शर्ट मोजून पाच. आमच्या स्नेहसंमेलनांचे सगळ्या वर्षांचे फोटो एकत्र ठेवले, तर त्यातून साल ओळखता येत नाही. सर आहेत तसेच, त्याच आकाशी शर्टात. आमची मात्र पोटं वाढत गेलेली दिसतात.

शनिवारी शाळा सुटल्यावर नववी-दहावीसाठी त्यांचा एक जादा तास असतो. सुरुवातीला मुलं एकमेकांच्या कॉलरमागची पट्टी वाचतात आणि तो शर्ट कुठल्या देशातून आला ते नकाशावर शोधतात. मग कपाटाची हजेरी. प्रत्येकानं आपल्या कपड्यांचा हजेरीपट ठेवायचा, घातला त्या दिवशी 'हजर' मांडायचं. एखादा कपडा सलग दोन महिने गैरहजर राहिला, तर त्याला वर्गासमोर आणून कारण सांगायचं. कारणं नाना तऱ्हेची असतात. घट्ट होतो, रंग गेला, मैत्रिणीकडे तसाच आहे. "एकदा फोटोत आलाय" हे कारण एका मुलीनं दिलं तेव्हा सर खुर्चीतून उठले होते. "फोटोत आला म्हणून मेला काय त्यो?" मग त्या कपड्याची उंची सोडायची, बाही बदलायची, नाहीतर ज्याला येईल त्याच्याशी अदलाबदल करायची. सरळ टाका येत नसेल तर पुन्हा उसवायचा. सरांनी आजवर कुणाला त्यातून सूट दिलेली नाही.

या वेडाचं मूळ शिरोळात आहे, सरांच्या गावी. महापूर ओसरल्यावर तिथं मदतीचे ट्रक आले आणि लोकांनी टाकलेल्या कपड्यांचा ढीग शाळेच्या मैदानात पडला. फाटक्या जीन्स, टिकल्या गळालेले घागरे, एकेकटे मोजे. घरोघर चिखल काढणाऱ्या माणसांनी ते काय करायचं होतं? शेवटी सरांनीच ट्रॉल्या भरभरून तो ढीग हलवला. "आमाला प्यायला पाणी पायजे हुतं," ते सांगतात, "आनी लोकांनी कपाटं रिकामी करून घेतली." हे सांगताना मात्र त्यांच्या आवाजात चेष्टा नसते.

गेल्या वर्षी या तासावरच गदा आली. नववीतल्या एका मुलीनं आईच्या साड्यांची गुपचूप हजेरी घेतली आणि पाव्हण्यांसमोर वाचून दाखवली. आई दुसऱ्या दिवशी शाळेत. आणखी चार पालक तिच्यामागे. मोठ्या बाईंनी सरांना सांगितलं, "दहावीच्या निरोप समारंभाला मुलं काय घालून येतात ते बघू. त्यांना मनापासून पटलेलं दिसलं तर तास चालू. नाहीतर बंद." इकडे दहावीची पोरं निरोपासाठी मोबाइलवर एकसारखे नवे कपडे निवडून बसली होती.

शनिवारी सर वर्गाला म्हणाले, "निरोपाला कपाटातलं गैरहजर कापड घालून यायचं." मग कागलहून येणारी सानिका उठली. "सर, तुमच्या कपाटाची हजेरी आमी कधी बघितली न्हाय की."

"चला, बघा," सर म्हणाले.

सानिका, आणखी चार मुलं आणि उत्सुकतेपोटी मी, असे आम्ही मंगळवार पेठेत सरांच्या घरी गेलो. बायको वारल्यापासून सर एकटेच राहतात. कपाटात वर पाच हँगर. खालच्या फळीवर मात्र नऊ खोकी, आणि प्रत्येकात टाचण्याही न काढलेला नवा शर्ट. मुलगा बंगळूरला असतो, तो दर वाढदिवसाला एक पाठवतो. दरवर्षी शाळेच्या पत्त्यावर सरांचं एक पार्सल यायचं, आम्हाला वाटायचं नकाशे असतील.

सानिकानं कागद काढून नऊ गैरहजर मांडले. "सर, कारण सांगा."

सर एका खोक्याचा कोपरा दाबत राहिले. "मला पाच पुरतात. पाठवू नगं म्हणावं, तर..." ते थांबले. "तर तेवढं पण यायचं बंद हुईल."

मला मान वर करवेना. मग सरांनीच पहिलं खोकं उघडलं, एकेक टाचणी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "कात्री घ्या कुनीतरी."

पुढचे तीन शनिवार सरांच्या मापाचे आठ शर्ट आठ पोरांच्या मापाचे होत होते. नववा, लिंबाच्या रंगाचा, पोरांनी सरांनाच ठेवायला लावला. निरोपाला मुली आयांच्या साड्या नेसून आल्या, मुलं भावांची जाकिटं आणि सरांचे शर्ट घालून. तिघेचौघे नवं घालून आलेच. मोठ्या बाईंनी सगळं नीट निरखलं आणि तास चालू ठेवला. सरांनी मुलाला निरोपाचा फोटो पाठवला, त्याचा लगेच फोन आला.

"बाबा, शर्ट आवडले नव्हते का?"

"आवडलं म्हनून तर पोरांस्नी वाटून टाकलं," सर म्हणाले. "आता पाठवू नगंस. नऊ झालं."

यंदा वाढदिवसाला सर मधल्या सुट्टीत फाटकापाशी उभे दिसले. अंगात लिंबू शर्ट. मी मुद्दाम विचारलं, "कितव्यांदा?"

"एकतिसाव्यांदा."

"मुलाचा फोन?"

"सकाळीच आलता. सुट्टी मिळाली तर येतो म्हणालाय." तेवढ्यात कुरिअरवाल्याची गाडी आली आणि न थांबता पुढे गेली. सर ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत होते. मग त्यांनी शर्टाचं वरचं बटण उगाच चाचपलं. ते पक्कं होतं.

आणखी एक शर्ट आला असता तर जगाचं फार काही बिघडलं नसतं, असं मला तेव्हा अगदी आतून वाटलं. पण हे सरांसमोर बोलायची माझी अजून हिंमत झालेली नाही.